लॅमिंग्टन रोडची एक फेरी

मैत्रिणींनो, एका दिवसासाठी मुंबईला जायचं ठरलं की आपली यादी ठरलेली असते. दादरला साड्या, मंगळदास मार्केटमध्ये कापड, भुलेश्वरला पूजेचं साहित्य आणि वेळ उरलाच तर सिद्धिविनायकाचं दर्शन. या यादीत लॅमिंग्टन रोड कधी असतो का? नसतो. ‘तो पुरुषांचा बाजार, तिथं आपलं काय काम!’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही इतकी वर्षं तसंच म्हणत होते. पण गेल्या श्रावणात मला तिथं जावं लागलं, आणि खरं सांगते, साडी घेताना लागते तेवढीच अक्कल तिथं लागते. जास्त नाही अन् कमीही नाही!

का जावं लागलं, ते आधी सांगते. आमच्या बैठकीच्या खोलीत बारा वर्षांपूर्वी घेतलेलं होम थिएटर आहे. समोर दोन स्पीकर, टीव्हीखाली मधला एक, पाठीमागे दोन आणि कोपऱ्यात घुमणारा आवाज काढणारा तो मोठा डबा, म्हणजे सबवूफर. एकेक करून, बोनस आणि दिवाळी बघून घेतलेलं. यांच्या हौसेचं म्हणून आलं खरं, पण त्याचा खरा उपयोग झाला तो आमच्या सासूबाईंना. त्यांना एक्क्याऐंशी वर्षं पुरी झाली. डोळे चांगले आहेत, पण कान अधू झालेत. श्रवणयंत्र आहे, पण ते त्यांना फार वेळ सोसत नाही. जुनी नाटकं आणि कीर्तन हा त्यांचा संध्याकाळचा विसावा. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून त्यांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. होम थिएटरवर मात्र कळायचे.

या पावसाळ्यात त्यातला रिसीव्हर बंद पडला. रिसीव्हर म्हणजे काय, असं विचाराल तर त्याला होम थिएटरचं स्वयंपाकघर म्हणा. सेट-टॉप बॉक्सचा, डिस्क प्लेअरचा कच्चा माल त्यात येतो. तो शिजवून, वाढून पाची स्पीकरांच्या ताटांत जातो, आणि चित्र तेवढं टीव्हीकडे जातं. स्वयंपाकघरच बंद पडलं तर ताटं चांदीची असून काय उपयोग? महिनाभर आम्ही टीव्हीच्या आवाजावर काढला. नाटकात विनोद झाला की आम्ही हसायचो, आमच्याकडे बघून मग सासूबाई हसायच्या. पहिल्यांदा मला ते कळलंच नाही. कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी भिशी लागली होती, तीस हजार रुपये. तेवढ्यात बसवायचं असं मी ठरवलं. हे म्हणाले, ‘‘मीच जाऊन येतो.’’ म्हटलं, ‘‘तुम्ही गेलात की तिथला सगळ्यात मोठा डबा घेऊन याल. भिशी माझी आहे, मी येते!’’

निघण्याआधी घरातच बघा

तुमच्याकडेही असं झालं तर लगेच पिशवी उचलू नका. यंत्र खरंच गेलं आहे का, ते आधी बघा. रिसीव्हर सुरू होऊन लगेच बंद होत असेल आणि पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ असं काही दिसत असेल, तर बटण बंद करून पिन काढा आणि मागच्या स्पीकरच्या तारा तपासा. तारेचा एखादा केसाएवढा धागा सुटून शेजारच्या तारेला चिकटला असला तरी यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं. तो धागा पीळ देऊन नीट बसवला की काम झालं, आणि तुमचे हजारो रुपये वाचले. वरच्या जाळीत धूळ साचली असेल, कुणी त्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवली असेल (आमच्याकडे होती!) तर गरम होऊनही यंत्र बंद पडतं.

दुसरी गोष्ट. चित्र येत नाही आणि आवाजही नाही, पण यंत्राचे दिवे लागतात, अशा वेळी पुष्कळदा फक्त एचडीएमआयचा भाग बिघडलेला असतो. मग सेट-टॉप बॉक्स सरळ टीव्हीला जोडायचा आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायरने आवाज रिसीव्हरला द्यायचा. ही वायर स्वस्त असते आणि तिच्यातून साधा पाच स्पीकरांचा डॉल्बी आवाज येतो. आम्ही असं करून जुन्या यंत्राकडून एक वर्ष जास्त काम करून घेतलं. यंदा मात्र त्याने दिवाही लावला नाही. दुरुस्तीवाल्याने नऊ हजार सांगितले, तेही दुसऱ्या यंत्रातला जुना भाग बसवून आणि हमी न देता. दुरुस्ती नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायला लागली आणि यंत्र दहा वर्षांचं झालं असलं, की जुन्याचा मोह सोडावा, असा माझा हिशेब आहे.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमचं होम थिएटर कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. एकाच खोक्यात सगळं मिळणारा तयार संच असेल तर जपून. त्या संचातल्या स्पीकरांच्या पिना बरेचदा त्या संचापुरत्याच असतात. त्यांच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा तीन-चार इतका लहान असतो, आणि सबवूफरला स्वतःची विजेची पिन नसते. बाजारात सुटा मिळणारा रिसीव्हर स्वतःची पिन नसलेला सबवूफर चालवत नाही, आणि ओहमचा आकडा जितका लहान तितका त्याच्यावर भार जास्त. अशा संचाला सुटा रिसीव्हर जोडायला जाल तर पैसेही जातील आणि नवं यंत्रही तापेल. त्यापेक्षा टीव्हीखाली ठेवायचा एक चांगला साउंडबार घेतलेला बरा. आमचे स्पीकर सुटे घेतलेले, सहा ओहमचे, सबवूफरला स्वतःची पिन असलेला. म्हणजे फक्त रिसीव्हर बदलला की झालं.

मग मी वही घेतली आणि एका पानावर आमचं घर लिहून काढलं. खोली बारा फूट बाय चौदा. स्पीकर पाच, सहा ओहम. सबवूफर एक, पिनवाला. टीव्ही ‘फोर के’, त्याच्या मागच्या एका भोकाशेजारी ‘एआरसी’ असं लिहिलेलं. जोडायच्या वस्तू तीन. फडताळाच्या खणाची रुंदी वीस इंच, खोली सोळा, उंची नऊ. हे माप घ्यायला विसरू नका हं! रिसीव्हर साधारण सतरा इंच रुंद असतो, पाठीमागे तारा बाहेर येतात आणि वर हवा खेळायला चार-पाच इंच मोकळे लागतात. नवा आला आणि खणात मावला नाही, तर नवं फडताळ करावं लागतं आणि बजेटचं बारसं होतं. सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘तीस हजार, वायरींसकट’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

ग्रँट रोडला उतरल्यावर

नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही दादरला उतरलो आणि पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरली. धीमीच धरा, जलद गाडी सहसा ग्रँट रोडला थांबत नाही. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. पूर्वेला बाहेर पडा आणि कुणालाही लॅमिंग्टन रोड विचारा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसेल, पण टॅक्सीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे जुनंच नाव सांगतात. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सकाळी लवकरही नको, अकराच्या सुमाराला रस्ता जागा होतो.

आणि जागा झाला म्हणजे काय सांगू! पदपथावर ताडपत्री टाकून रिमोट मांडलेले, आपण वाटाणे-गवार मांडतो तसे ढिगाने. तुमच्या घरातल्या हरवलेल्या रिमोटचा जुळा भाऊ इथं नक्की सापडेल. वायरींच्या माळा दारांवर तोरणासारख्या लटकवलेल्या. आत अरुंद बोळांत कुणी भिंग डोळ्याला लावून डाग देत बसलेलं, कुणी संगणकाचे भाग विकतंय, कुणी घंटा, कॅमेरे, बॅटऱ्या. गर्दीत धक्काबुक्की आहे, पण बायकांनी यावं असा रस्ता नाही, असं मात्र मुळीच नाही. कॉलेजच्या मुली पिशवीत सर्किटं घेऊन बिनधास्त भाव करत होत्या. त्यांच्याकडे बघून मीही पदर खोचला.

या रस्त्याला आवाजाचं वेड आजचं नाही बरं का. हा मूळचा सिनेमागृहांचा रस्ता. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. मिनर्व्हा याच रस्त्यावर होतं. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक चालला. सत्तर मिलिमीटरचा भव्य पडदा आणि चहूबाजूंनी येणारा स्टिरिओफोनिक आवाज लोकांना नवा होता. नाणं उडवल्याचा खणखणाट ऐकून लोक आपल्याच खुर्चीखाली नाणं पडलं की काय म्हणून वाकून बघत, असं जुनी माणसं सांगतात. मिनर्व्हा आता नाही. पण आपण घरात पाच स्पीकर लावून जे शोधतो, ते त्या खुर्चीखालचं नाणंच ना!

पहिलं दुकान आणि दुसरं

पहिलं दुकान चकचकीत, वातानुकूलित. आत अंधारी खोली, मऊ कोच. तिथल्या तरुणाने यांना बसवलं आणि एक लढाईचं दृश्य लावलं. छातीत धडधडलं हो! नऊ स्पीकरांचा संच, छतातून पाऊस पडल्याचा आवाज. यांचा चेहरा बघितला आणि मी ओळखलं, गडी गेला हातचा! मी हळूच विचारलं, ‘‘यात माणसं बोलतात कुठं?’’ तो मुलगा जरा गडबडला. छतातल्या आवाजाची ही पद्धत, डॉल्बी अ‍ॅटमॉस, सिनेमागृहांत २०१२ साली आली आणि घरांत २०१४ पासून. आहे छानच. पण त्यासाठी छतात किंवा वर भिंतीला आणखी निदान दोन स्पीकर लागतात. आमच्या वहीत स्पीकर पाच. नसलेल्या स्पीकरांसाठी पैसे भरायचे म्हणजे जन्म न झालेल्या बाळाला सोन्याच्या बांगड्या करायच्या!

तिथं मला वॉटचीही गंमत कळली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १४० वॉट. मी पुस्तिका मागितली. आत बारीक अक्षरांत त्याच यंत्राचा आकडा होता ७०. मोठा आकडा एकच स्पीकर चालवून, एकच सूर वाजवून आणि आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला. लहान आकडा दोन स्पीकर चालवून, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत आवाज स्वच्छ ठेवून काढलेला. दोन्ही आकडे खरेच, पण तुलना करायची ती नेहमी लहान आकड्याशी. मोठा आकडा म्हणजे सेलच्या पाटीवरचं ‘पर्यंत’. ७०% पर्यंत सूट! ते ‘पर्यंत’ बारीक लिहितात, तसंच हे. शिवाय वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फक्त तीन डेसिबल वाढतो, म्हणजे नीट लक्ष दिलं तर जाणवेल इतकाच. बारा बाय चौदाच्या खोलीत साधा रिसीव्हरही शेजाऱ्यांना उठवू शकतो. तेव्हा त्यापायी दहा हजार जास्त मोजू नका.

दुसऱ्या दुकानात वेगळाच अनुभव आला. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. आम्हाला हवा तसा रिसीव्हर त्यांनी चोवीस हजारांत देऊ केला. माझे डोळे चमकले. मग मालक म्हणाले, ‘‘भाभी, बिल के बिना.’’ खोकं उघडून बघितलं तर हमीपत्र परदेशातलं, आणि यंत्राच्या मागे १२० व्होल्ट छापलेलं. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची. ‘‘छोटा ट्रान्सफॉर्मर लगा लेना,’’ ते सहज म्हणाले. उद्या कुणी विसरून सरळ भिंतीत पिन घातली तर? अमेरिकेतला माझा भाचाही ‘‘मावशी, इथं स्वस्त मिळतो, येताना आणतो’’ म्हणत होता, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! पण तिकडच्या बाजारासाठी केलेले बहुतेक रिसीव्हर १२० व्होल्टचेच, आणि इकडे बिघडला तर हमी चालत नाही. चार-सहा हजार वाचवायला जाऊन सगळे चोवीस बुडवायचे, हे कुठल्या हिशेबात बसतं? आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

‘‘बेन, खोली केवढी?’’

आता पाय दुखायला लागले होते. एका बाजूच्या गल्लीत, जिन्याखालच्या एका दुकानात टेकायला म्हणून शिरलो. मालक सत्तरीचे, गुजराती, नाकावर चष्मा. त्यांनी पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘बेन, खोली केवढी आहे तुमची?’’ सकाळपासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता! मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ते पान शांतपणे वाचलं, दोन रेघांवर बोट ठेवलं आणि हसले. ‘‘ऐकणार कोण?’’ मी सासूबाईंचं सांगितलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरी वडीलधारं माणूस आहे, त्यांनी जरूर ध्यानात ठेवा. सिनेमातलं किंवा नाटकातलं बोलणं पाच स्पीकरांपैकी मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. बाजूच्या स्पीकरांत संगीत, मागच्यांत वारा, पाऊस, गर्दी. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून आपण सगळाच आवाज वाढवतो आणि मग ढोलही वाढतात, शब्द त्यात बुडून जातात. रिसीव्हरमध्ये मात्र एकट्या मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल चढवून ठेवता येतो. जोडीला रात्रीसाठी एक सोय असते. तिने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. ‘‘या दोन गोष्टी स्वस्तातल्या यंत्रातही असतात,’’ ते म्हणाले, ‘‘पण कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, बॉम्ब कसा फुटतो?’’

त्यांनी दोन यंत्रं दाखवली, दोन्ही नामांकित जपानी नावांची, दोन्ही पाच स्पीकर आणि सबवूफरची. मी म्हटलं, ‘‘लढाई नको, मराठी नाटक लावा. आणि आवाज घरी असतो तेवढाच ठेवा.’’ त्यांनी टीव्हीवर एक जुनं नाटक शोधून लावलं. मग बाकीचे स्पीकर बंद करून एकटा मधला ठेवायला सांगितला. मी डोळे मिटले आणि शब्द मोजत राहिले. तुम्हीही असंच करा. दुकानातलं लढाईचं दृश्य सगळ्याच यंत्रांवर छान वाजतं. हळू आवाजातलं बोलणं ऐकलं की कोण खरं ते कळतं.

एका यंत्राची किंमत चौतीस हजार. दुसरं त्याच नावाचं आधीच्या वर्षीचं, बंद खोक्यातलं, अठ्ठावीस हजार, बिलासकट. फरक काय? नव्यात ‘आठ के’ चित्र जाऊ शकतं आणि नव्या खेळयंत्रांना लागणारा वेग आहे. आमचा टीव्ही ‘फोर के’, तो जुन्यातूनही चालतो. खेळणारी मुलं घरात नाहीत. एचडीएमआयची चार भोकं, टीव्हीच्या ‘एआरसी’ला जोडायची सोय, सहा ओहमला परवानगी, सगळं पानावरच्या यादीशी जुळलं. वीस इंचांच्या खणात सतरा इंचांचं यंत्र बसलं. हे अजून एकदा चौतीसवाल्याकडे बघत होते. मी वही मिटली. ‘‘हाच द्या.’’

उरलेल्या दोन हजारांत एचडीएमआयची एक चांगली वायर, पाच स्पीकरांसाठी नव्या तांब्याच्या तारा आणि वीज उसळली तर यंत्र वाचवणारा जोडफलक घेतला. तारा घेताना ‘तांब्याचा मुलामा’ की ‘शुद्ध तांबं’ एवढं विचारा, आणि हजारो रुपयांच्या जादुई वायरींच्या नादाला लागू नका. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेतला, तो खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, भारतातल्या हमीपत्रावर शिक्का घेतला. आत रिमोट आणि आवाज जुळवण्याचा तो लहानसा माइक आहे ना, तेही बघितलं. कुणी फसवलंच तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ लक्षात ठेवा. पण त्यासाठी बिल हातात हवं. बिल नसेल तर तक्रार करायची कशाच्या जोरावर?

परत येताना

खोकं उचलल्यावर कळलं, आठेक किलो सहज असेल. अशा वेळी लोकलचा हट्ट धरू नका, संध्याकाळच्या गर्दीत तर मुळीच नाही. आम्ही टॅक्सी केली आणि लॅमिंग्टन रोडच्या दक्षिण टोकाशी ऑपेरा हाउसवरून गेलो. १९११ साली राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू १९९३ पासून बंद होती, २०१६ साली डागडुजी होऊन पुन्हा उघडली. याच रंगमंचावर एके काळी बालगंधर्व, मास्टर दीनानाथ गाऊन गेले. ना पाच स्पीकर, ना रिसीव्हर, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचत असणार. मांडीवरच्या खोक्यावर हात ठेवून मी मनात म्हटलं, आपल्याला एवढं नको. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीपर्यंत पोचला तरी पुष्कळ!

दुसऱ्या दिवशी यांनी तारा जोडल्या. तो माइक कुठं ठेवायचा यावर आमचा वाद झाला. हे आपल्या कोचावर ठेवायला निघाले होते. मी तो सासूबाईंच्या खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या उंचीला ठेवायला लावला, कारण यंत्र त्या जागेसाठी आवाज जुळवतं. पंखा बंद, कुकर बंद, सगळे गप्प. यंत्राने टीं टीं करून आपलं काम केलं. मग मधला स्पीकर तीन डेसिबल चढवला आणि संध्याकाळी नाटक लावलं.

सासूबाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या, हातात वाती वळायचं काम. मला नाटक सुचत नव्हतं, मी त्यांच्याचकडे बघत होते. पहिल्या अंकात विनोद आला. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघण्याच्या नादात हसायचं विसरलो होतो. आणि त्या हसल्या, आमच्याआधी. हातातली वात तशीच राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘अगं, तुम्हाला ऐकू आलं नाही का?’’

जुना रिसीव्हर मात्र कचऱ्यात टाकू नका. सुट्या भागांसाठी दुरुस्तीवाले तो घेतात, नाहीतर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. आमचा जुना त्या नऊ हजारवाल्याने पाचशेला नेला. ते पाचशे मी पुढच्या भिशीच्या डब्यात टाकले आहेत. वहीतलं ते पान मात्र फाडलेलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही किंवा मी लॅमिंग्टन रोडला निघालो, तर हातात तेवढं एक पान पुरे.